बिननालाची रीम

अहो, परवा सकाळी तुमचा कातड्याचा एप्रन पुसायला काढला. हातावर टाकून तबेल्यातून नळाकडं निघाले, तर तिसऱ्या ठाणातल्या काळ्या घोडीनं वास घेतला, मान फिरवली आणि आपसूक पुढचा डावा पाय उचलून धरला. तुम्ही आलात की धरायची तसाच. मी जागेवर थांबले. ती पाय धरून उभी, मी एप्रन धरून उभी. खाली हात द्यायला कुणी नाही. बराच वेळ वाट बघून तिनं पाय खाली ठेवला, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं.

बारा दिवस झाले. अग्नी मीच दिला. आपल्याला मूल ना बाळ, आणि गावाकडून कोण इतक्या लांब मस्कतला येणार? रुवीच्या दुकानातले हमीदभाई आले होते. आपले रत्नागिरीकडचे. "वहिनी, कागदांचं माझ्यावर सोडा, तुम्ही नुसत्या बसून राहा," म्हणाले. मी बसून आहे. पुढच्या बुधवारी माझं विमान. तोवर ह्या खोलीत मी आहे आणि तुमची हत्यारं आहेत. पहाटे डोळा लागतो न लागतो तोच कानशीचा आवाज येतो, खर्र, खर्र, एका लयीत, मधेच थांबून खुरावर फुंकर मारल्यासारखा. उठून दारात जाते. कुणी नसतं. घोडी चंदीची वाट बघत उभी असतात. आवाज त्यांनाही येत असेल का, असं मनात येतं.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाशी भांडू नये. मी तर जित्याशीही पुरतं भांडले नाही. आपलं एक भांडण अर्ध्यात राहिलंय, आणि त्यातलं माझ्या वाटणीचं मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. तेवढ्यासाठी ही वही घेऊन बसले आहे.

आठवतं का, ती नवी घोडी आली आणि पहिल्यांदा तुम्ही मला म्हणालात, "रीमला नाल नको," तेव्हा मी भाकरी थापत होते. हसून माझी भाकरी मोडली. पुण्याच्या रेसकोर्सवरून इथल्या मालकानं, अर्बाबनं, नाल ठोकायला म्हणून आणलेला माणूस. बरका गावाच्या अलीकडं एवढा मोठा तबेला, अठरा घोडी, सगळ्यांच्या पायाचा धनी तुम्ही. मला सोबत आणायला मिळावं म्हणून अर्बाबच्या घरी स्वैपाकीण म्हणून माझा व्हिसा काढला. आणि आता हा माणूस म्हणतो, नाल नको.

"न्हाव्यानं म्हणावं दाढी वाढवा, तसं झालं हे," मी म्हटलं.

"शाले, नाल ही माणसाची सोय. जिथं लागतोय तिथं लागतोय. हिला लागत न्हाई."

"आणि अर्बाबला कळलं की तुमचीच गरज लागत नाही, मग?"

"मग तुझ्या हातच्या भाकरी खाईन गावाला बसून."

रीम आली तेव्हा तिची दशा मी पाहिली होती. खिळ्यांची भोकं पडून पडून खुराच्या कडा बिस्किटासारख्या तुटत होत्या. नवा खिळा धरायला जागा नव्हती. तुम्ही चारी नाल उपसून काढलेत, खूर गोल घासलेत आणि दुसऱ्या दिवसापासून तिला कोरड्या वादीत चालवायला लागलात. नदीचं नुसतं नाव, खाली सगळे दगडगोटे. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग तास. मी टोमणा मारला, "घोडी अनवाणी, आणि मालक चपला घालून." दुसऱ्या दिवशी तुम्ही खरंच चपला दारात सोडून गेलात. संध्याकाळी तुमच्या टाचेतला बाभळीचा काटा मी सुईनं काढला. तुम्ही म्हणालात, "आठ महिने दे मला, माझीबी टाच तयार हुईल." तुमची नाही झाली, तिची झाली. खूर असा निबर झाला की कानस घसरायची. खालची मऊ गादी रबरासारखी. तुम्ही मला हात लावून बघायला लावायचात, जसं काही ते तुमचंच नातवंड होतं.

मग ती टेक्सासची मॅडम आली. तेलाच्या कामावरल्या साहेबाची बायको, डोक्यावर ही मोठी टोपी. तिनं अर्बाबच्या लेकीला, मुनाला, पिंपांची शर्यत शिकवायला घेतली. मैदानात डिझेलची तीन रिकामी पिंपं, त्रिकोणात. घोडं भरधाव सोडायचं, पहिल्या पिंपाला उजवीकडून वळसा, दुसऱ्याला डावीकडून, तिसऱ्यालाही डावीकडून, आणि सरळ परत. जो लवकर परतेल तो जिंकला. मुना तेरा वर्षांची, काडीसारखी, पण रिकिबीत पाय पडला की वेगळीच पोर व्हायची. मला मावशी म्हणायची, मीच शिकवलेलं. तुम्हाला सगळ्यांसारखं उस्ताद. आणि तिला घोडी हवी होती ती रीमच.

अर्बाबनं तुम्हाला विचारलं, मी कहवा घेऊन तिथंच होते. "उस्ताद, नाल नहीं, और मेरा बच्ची ऊपर. कुछ हुआ तो?"

तुम्ही म्हणालात, "हुआ तो मेरा जिम्मा, अर्बाब."

खोलीवर आल्यावर मी म्हटलं, कशाला अंगावर घेता? तुम्ही म्हणालात, बापाबरोबर बैलांना पत्र्या मारल्या, रेसच्या घोड्यांना नाल मारले, चाळीस वर्षं दुसऱ्यानं सांगितलं ते केलं. ही एक गोष्ट माझ्या डोक्यानं केली आहे. ती खरी का खोटी, मला बघायचंय. एवढं मनातलं तुमच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट असेल. थंडीचे दिवस, शुक्रवार. अर्बाबच्या मैदानावर पहिल्यांदा शर्यत होती, आजूबाजूच्या तबेल्यांची घोडी आली होती, सगळी नाल मारलेली. सीबकडच्या तबेल्याचा तो पठाण नालबंद रीमच्या पायाकडं वाकून बघत म्हणाला, "उस्ताद, नाल चोरी हो गए क्या?" आणि तुम्ही तोंडातली विडी न काढता म्हणालात, "घोड़ी से पूछो, मैं तो नौकर हूँ." सगळे हसले. तुम्हीही हसलात. तुमचं ते हसणं मी शेवटचं तेव्हा पाहिलं, असं आता वाटतं.

आता माझं ऐका.

दुपारी बाप्ये सगळे नमाजाला गेलेले. मॅडम सावलीत जेवत होती. तुम्ही रीमच्या ठाणात. मैदानाच्या कडेला बायकांसाठी मांडव घातला होता, गालिचे, खुर्च्या, हलव्याची ताटं मीच मांडलेली. अर्बाबच्या बायकोच्या पाहुण्या यायच्या होत्या. आणि वारा सुटला. मैदानातली धूळ उठून सरळ मांडवाकडं यायला लागली, ताटांवर बसायला लागली. मी दोनदा पुसली, दोनदा परत बसली. मला ते बघवेना. पाहुणे यायचेत आणि दारची माती उडतेय. आपल्याकडं अशा वेळी बाई काय करते? इथं आल्यापासून मी रोज सकाळी आपल्या खोलीपुढं सडा टाकायची. अर्बाबची बायको हसायची, वाळवंटाला पाणी घालते म्हणून. मला त्याशिवाय दिवस उजाडल्यासारखा वाटायचा नाही.

घोड्यांच्या हौदातून दोन बादल्या भरल्या. चार खेपा केल्या. आधी हातानं शिंपडलं, गोल, घरच्यासारखं. पण दुसरं पिंप मांडवाच्या अगदी जवळ. तिथं रोज घोडी वळवून वळवून वरची वाळू उडून गेली होती आणि खालची पांढरी चिकण माती उघडी पडलेली. धूळ सगळ्यात जास्त तिथूनच उठायची. तिथं मी शिंपडत बसले नाही. बादल्याच्या बादल्या ओतल्या. धूळ बसली. मला बरं वाटलं. उन्हानं वरची माती घटकेत वाळून परत पांढरी दिसायला लागली, म्हणून आणखी एक खेप टाकली.

मला कुणी पाहिलं नाही. लपून केलं नव्हतं हो. सडा कुणी लपून टाकतं का?

मुनाचा मान पहिला, घरचं मैदान म्हणून. रीम सुटली ती अशी की तिचे पाय जमिनीला लागताना दिसेनात. पहिलं पिंप तिनं असं अंगाशी घेतलं की मॅडम टोपी काढून ओरडली. मी तुमच्याकडं बघत होते. तुमचे ओठ हलत होते, तुम्ही तिची पावलं मोजत होता. मग दुसरं पिंप. रीम वळली, आणि मागचे दोन्ही पाय तिच्या खालून निघून गेले. कुणी सतरंजी ओढून घ्यावी तसे. घोडी कुशीवर, पोर पिंपावर. पत्र्याचा तो आवाज. मग नुसतं पिंप घरंगळत चाललेलं.

मुनाच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. तुम्ही तिला उचललंत, पिकअपमध्ये मांडीवर घेऊन दवाखान्यात गेलात. रीम आपली आपण उठली, तिला खरचटण्यापलीकडं काही नव्हतं. इथं मॅडमनं ट्रॅक्टरनं सगळ्या मैदानावर वाळू फिरवून घेतली. तासाभरानं शर्यत पुन्हा सुरू झाली, बाकीची सगळी घोडी धावली, आणि एकही घसरलं नाही. सगळ्यांच्या पायात नाल. तुमचा निकाल तुमच्या माघारीच लागला.

तुम्ही उन्हं कलताना परत आलात. सरळ रीमच्या ठाणात गेलात. मी पाणी घेऊन मागं आले. तुम्ही तिचा मागचा पाय मांडीवर घेतलात, आकड्यानं खूर साफ करायला लागलात, आणि आतून पांढऱ्या मातीचा गोळा निघाला. अजून ओला. तो माझ्या पायावर पडला. तुम्ही उचलून दोन बोटांत दाबलात. मग माझ्याकडं बघितलंत. माझ्या तोंडाकडं की माझ्या साडीच्या काठाकडं, हे मला दहा वर्षांत ठरवता आलेलं नाही. काठाला तीच माती लागलेली होती, वाळून कडक झालेली. मी खाली बघितलं. वर बघितलं तेव्हा तुम्ही तो गोळा बाहेर भिरकावून दिला होता.

"चहा टाक जरा," म्हणालात.

बास. एवढंच.

दिवे लागायच्या वेळी अर्बाबनं मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, बोलावलं. पाहुणे होते, पठाण होता, मॅडमचा नवरा होता. मी कहव्याची किटली धरून दारात. अर्बाबनं तुम्हाला बस म्हटलं नाही. विचारलं, "बोलो उस्ताद." तुम्ही हात पुढं बांधून म्हणालात, "गलती मेरी. नाल होना चाहिए था." जमीन ओली होती, असं म्हणाला असतात तर पुढचा प्रश्न आला असता, पाणी कुणी टाकलं. मी पुढं होऊन बोलायला हवं होतं. तोंडात शब्दही आले होते, पाणी मैं डाली. पण व्हिसा अर्बाबच्या हातात, पासपोर्ट अर्बाबच्या कपाटात. मला दुसऱ्या दिवशी विमानात बसवलं असतं, तुम्ही एकटे पडला असता. असं मी मनाला सांगितलं. खरं सांगू? भ्याले. किटलीची दांडी धरून नुसती भ्याले.

दुसऱ्या दिवशी अर्बाबच्या समोर तुम्ही रीमला नाल ठोकलेत. मी स्वैपाकघराची खिडकी लावून घेतली, तरी प्रत्येक ठोका आत यायचा. चार पायांचे चार नाल, आणि तुम्ही इतक्या सावकाश ठोकत होता की संपेचनात. महिन्याभरात अर्बाबनं तिला इब्रीकडच्या कुणाला देऊन टाकली. तुम्ही पिकअपमध्ये तिच्याबरोबर गेलात. परत आल्यावर मी विचारलं, कशी राहिली? "उतरली नीट," म्हणालात, आणि आंघोळीला गेलात. त्यानंतर तिचं नाव तुमच्या तोंडून ऐकलं नाही, आणि नालाशिवायचा घोडा हा विषयही नाही. कुणी नवा माणूस विचारायचा, उस्ताद, सुनते हैं बिना नाल के भी घोडा दौड़ता है? तुम्ही म्हणायचात, "सुना है मैंने भी."

मी भांडण उकरून काढायचा किती प्रयत्न केला. मुद्दाम म्हणायचे, झालं का तुमचं शहाणपण करून? म्हणजे तुम्ही चिडाल, ओरडाल, म्हणाल की शाले, माझं बरोबर होतं, तुझ्या पाण्यानं घात केला. मग मी पाया पडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. तुम्ही चिडलाच नाहीत. भाजीला मीठ कमी पडलं की तासभर बोलायचात, आणि ह्यावर एक अक्षर नाही. एकदा रुवीहून बसनं येताना मी धीर करून सुरुवात केली होती, "अहो, त्या दिवशी दुपारी ना..." तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "वारं सुटलंय. खिडकी लाव." खिडकी लावली. आपला फाटा आला तसे उतरलो.

मी धरून चालले की तुम्हाला सगळं ठाऊक आहे. माझ्यासाठी तुम्ही आपली चाळीस वर्षांची अक्कल खोटी पाडून घेतलीत. त्या एका गोष्टीवर मी जगले. तुम्ही चिडचिड केलीत, आजारपणात मला नको नको ते बोललात, मी मनात म्हणायचे, बोल बाबा, तू माझ्यासाठी काय केलंस ते मला माहीत आहे. बाहेर अहो-जाहो, मनात मात्र अरे-तुरे करायचे मी तुम्हाला. हेही आजच सांगते.

काल मुना आली. सूर गावाला दिलीये तिला, दोन लेकरं आहेत. खोलीत येऊन तुमच्या पलंगावर बसली, हत्यारांकडं बघत राहिली. मला राहवलं नाही. सडा, बादल्या, चार खेपा, सगळं सांगितलं. तुमची बाजू कुणाला तरी कळल्याशिवाय मला विमानात पाय ठेववेना. ती उठली. "चलो मावशी, बाबा को बोलो," म्हणाली.

अर्बाब आता थकलेत. तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर व्हरांड्यात खुर्चीवर बसतात. मी पदर नीट केला आणि उभ्याउभ्या सांगितलं. त्यांनी कानामागं हात धरला.

"कौन सा घोड़ी?"

मुनानं अरबीत काहीतरी सांगितलं. ते बराच वेळ आठवत राहिले आणि मग त्यांनी मान हलवली. रीम त्यांच्या लक्षात नव्हती, अहो. ती संध्याकाळ, ती मजलिस, काही नाही. "दस साल हो गया. खलास," म्हणाले. आणि मला बरं वाटावं म्हणून वर म्हणाले, "उस्ताद नंबर वन था. उसके जैसा नाल कोई नहीं मारता. अल्ला यरहमा, अल्ला रहम करे."

मी म्हटलं, "अर्बाब, वो नाल नको बोलनेवाला आदमी था." त्यांनी हसून मान डोलावली. चांगला माणूस आहे. त्यांना कळलं नाही.

परत येताना मुना मैदानाशी थांबली. आता तिथं गवताची गंजी रचतात. म्हणाली, "मावशी, पानी का मुझे मालूम नहीं. मैंने लगाम खींचा था." दुसऱ्या पिंपाशी ती घाबरली होती म्हणे. मॅडमनं शंभरदा सांगितलं होतं, वळताना ओढायचं नाही, आणि तिनं दोन्ही हातांनी ओढला. पिकअपमध्ये तुमच्या मांडीवर रडत तिनं तुम्हाला हे सांगितलं. आणि तुम्ही तिला म्हणालात, "किसी को मत बोलना, बेटा. तेरा घोडे पे बैठना बंद हो जाएगा." दहा वर्षं तिनंही कुणाला सांगितलं नाही. "उस्ताद ने मेरे लिए अपना नाम खराब किया," म्हणाली, आणि मोठी बाई असून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

म्हणजे मजलिसमध्ये उभे होता तेव्हा तुमच्याजवळ दोघींचं गुपित होतं, की एकीचंच? तुम्ही पाठीशी घातलंत ते मला की तिला? का त्या ओल्या मातीकडं बघून तुम्हाला काही कळलंच नाही, आणि खरंच वाटलं की आपलंच चुकलं? हे शेवटचं खरं असेल तर, अहो, मी तुम्हाला दहा वर्षं एका शब्दानं सोडवू शकत होते.

मातीच्या गोळ्याचं मी मुनाला सांगितलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, तेही नाही. तेवढं माझं मी ठेवलं होतं. काल ते सांगायचं अगदी जिभेवर आलं, की नाही गं पोरी, ते माझ्यासाठी होतं. माझा जीव तडफडत होता तेवढं बोलायला. पण ती रडत होती.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "हाँ बेटा, तेरे लिए ही किया उन्होंने."

ती शांत होऊन गेली. मी मैदानात उभी राहिले. काय खरं, ते तुम्हालाच ठाऊक.